दाढेतली चांदी

ज्याच्या दाढेत चांदी भरलीय आणि मग अंगाला खाज सुटलीय, त्याने हे वाचावं. ज्याच्या घरातलं माणूस कॅन्सरने गेलंय आणि आता स्वतःच्या गालात पांढरं दिसतंय, त्याने आधी खाली बसावं, पाणी प्यावं आणि मग वाचावं. मी चौथी शिकलेला माणूस. भात लावणं आणि म्हशी राखणं एवढंच येतं. लिहिण्यात चुका सापडतील, सापडू द्या. पण भीती कशी असते ते मला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं, कारण डॉक्टर भीती दवाखान्यात ठेवून घरी जातो. आपल्याला ती बरोबर न्यावी लागते.

चांदी

दत्ताची आई, म्हणजे माझी बायको इंदू, शिमग्यानंतर गेली. गालाचा कॅन्सर. मशेरी लावायची ती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका सगळ्याच लावतात. आधी गालाच्या आत, खालच्या दाढेपाशी पांढरा डाग आला. जेवताना डोळ्यांत पाणी यायचं, ती म्हणायची मिरची झोंबली. मिरची मिरची करत तिने तो डाग लपवला, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. पुढचं मी लिहीत नाही. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी बघितलं नाही त्यांना देवाने दाखवू नये.

ती गेल्यावर मी गावात एकटाच. मुठा नदीच्या खोऱ्यात आमचं गाव. पोरगा दत्ता हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो आणि बायको वैशाली, लहान पोरगी यांना घेऊन जांब्याला भाड्याच्या खोलीत राहतो.

गणपती झाले आणि माझी दाढ ठणकायला लागली. लवंग धरून बघितली, ऐकेना. शेवटी पौडला दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणजे पोरगीच, पुण्याकडची, बोलायला गोड.

"आजोबा, दाढ काढायला नको, भरून टाकू. चांदी भरू की पांढरं?"

"टिकतं काय जास्त?"

"दाढेला चांदी टिकते."

"मग चांदी भरा. चांदीला मरण न्हाई."

मला ते बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. दत्ताच्या आईची जोडवी मी कपाटात ठेवलीत. म्हटलं, तिची चांदी कपाटात, माझी तोंडात. बायको गेल्यावर माणूस असलं काहीबाही मनात धरतो.

भरायच्या आधी बाईने विचारलं, "कशाची अ‍ॅलर्जी आहे का?"

"न्हाई. आपलं पित्त हाय तेवढं. मधनंच उठतं."

"पित्त सगळ्यांनाच असतं हो आजोबा. तिखट कमी खा."

चूक इथेच झाली. आणि ती ना माझी, ना तिची, ती बोलीची चूक. पित्त दोन असतात. एक छातीत जळजळतं. दुसरं अंगावर उठतं, तांबड्या गांधी येतात, आमसुलाचं पाणी चोळलं की बसतं. मी दुसरं सांगत होतो, तिने पहिलं ऐकलं. मला वाटलं मी सांगितलं, तिला वाटलं तिने विचारलं. दोघंही खरं बोललो आणि दाढ भरून झाली.

पित्त

थोड्याच दिवसांत मानेला खाज सुटली. मग कोपराच्या खोबणीत. मग पापण्या सुजल्या, इतक्या की सकाळी आरशात मला माझा मेलेला चुलता दिसला. आमसुलं भिजवली आणि चोळली. एरवी दुपारपर्यंत उतरतं. या वेळी उतरलं नाही. कातडी लाल झाली, तिच्यावर बारीक पाण्याचे फोड आले, ते फुटून लस वाहू लागली. सदरा मानेला चिकटायचा आणि काढताना कातड्यासकट निघायचा.

गावातल्या डॉक्टरला म्हटलं, "पित्त लई झालंय." त्याने इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. बसलं. गोळ्या संपल्या, परत उठलं. दाढेचा संशय मला एकदाही आला नाही. दाढ तोंडात आणि खाज मानेला. कोण जोडणार?

दिवाळीनंतर भात झोडून झालं. गिरणीतून तांदूळ करून आणला. तो पत्र्याच्या कोठीत भरायचं काम कायम दत्ताच्या आईचं. मी पोतं आणून टाकायचं आणि बाजूला व्हायचं. कोठीच्या झाकणाला हात लावला तरी वस्सकन अंगावर यायची. "सरा तिकडं. तुमाला पारा बाधतो." मी तापट माणूस, सगळ्या गावाला माहीत. मला वाटायचं, माझ्या रागावर बोलते. मीही ऐकवायचो, "चढला पारा तर चढला, काय करशील?" ती हसायची आणि झाकण लावायची.

तर यंदा मीच भरला. तांदळात किडे होऊ नयेत म्हणून बायका टिकड्या टाकतात. घरात आम्ही नुसतं टिकड्याच म्हणायचो. मागल्या वर्षीची उरलेली पुडी वरच्या फळीवर होती. कागदात गुंडाळलेली, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी आणि वर घट्ट गाठ. मला हसू आलं. टिकड्यांवर एवढी कसली माया? गाठ दाताने सोडली, टिकड्या हातानेच मोडल्या, फडक्यात बांधल्या आणि तांदळाच्या थरात टाकत गेलो. चिंधीला तिच्या ट्रंकेचा वास होता. मी ती खिशात ठेवली.

दोन-तीन दिवसांत बोटांच्या बेचक्यांत फोड आले. हात एवढे फुगले की म्हशीची धार काढता येईना. मी तरीही म्हणत होतो, पित्त.

जांबे

दत्ता सुट्टीला आला, माझा अवतार बघितला आणि गाडीत घालून घेऊन गेला.

जांब्याची खोली म्हणजे एकच खोली आणि मोरी. वैशालीने माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगला. ताट वेगळं. मी बघितलं. मग ती म्हणाली, "मामा, राग धरू नका, पन डाक्टरला विचारूस्तवर पोरीला मांडीवर घेऊ नका."

"मी काय महारोगी हाय?"

"मी तसं म्हनलं का?"

"खिळा म्हनतोय तुजा."

ती रडली. दत्ता कामावरून आला आणि दोघांवरही ओरडला. म्हाताऱ्या माणसाचा आजार एवढ्याशा खोलीत मावत नाही, तो सगळ्यांच्या अंगावर पडतो. त्यांची पोरगी लांबूनच माझ्याकडे बघून चेहरे करायची. मीही करायचो. तेवढंच.

पण एक झालं. जांब्याला माझे हात सुकले. मान पुरती बरी झाली नाही, पण लस थांबली. मी म्हटलं, झालं, आता म्हशी दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस ठेवायच्या, आणि गावी परतलो.

घरी आलो, चूल पेटवली, कोठीतून तांदूळ काढून भात टाकला. आठवडा व्हायच्या आत हात परत पहिल्यासारखे.

वढ

शेजारची सखूआत्या ताक घेऊन आली, तर दारातूनच तांब्या पुढे सरकवला. माझे हात बघून म्हणाली, "तात्या, पोराकडं जातुस तवा बरं असतंय, हितं आलास की वाढतंय. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मग घरात कायतरी हाय. इंदूचा जीव तुज्यात घुटमळतोय. वढतीया ती तुला."

मी तिला शिवी घातली आणि घालवून दिलं. पण शिवी घातली म्हणून बोलणं बाहेर जात नाही. ते घरात राहिलं. मी एकटा आणि ते बोलणं. कोठीचं पत्र्याचं झाकण ऊन-सावलीने कुटकुट वाजायचं, आयुष्यभर वाजलंय, पण आता वाजलं की मी हातातलं काम टाकून तिकडे बघायचो. मी देवाला मानतो, भुताला मानत नाही, असं चावडीवर सांगणारा माणूस मी. स्वयंपाकघरात जाताना खोकून जायला लागलो.

खरं सांगतो, भीती तिची नव्हती. ती आली असती तर मी पाट मांडला असता. भीती याची होती की ती ज्या वाटेने गेली त्याच वाटेने मला नेणार. कारण तोवर गालात झोंबायला लागलं होतं.

पांढरं

आधी ठेचा झोंबला. मग साधं वरण झोंबलं. मग नुसता गरम चहा. डाव्या गालात, आतून, खालच्या दाढेपाशी. जागा लिहितानाही हात थांबतोय.

मी म्हणालो, मिरची.

म्हणालो आणि मला तिचा आवाज ऐकू आला.

तिचा हातात मावेल एवढा आरसा होता. शेवटी शेवटी ती तोच घेऊन गोठ्यात जायची, आम्हाला वाटायचं म्हशीला चारा टाकतेय. मी तोच आरसा आणि बॅटरी घेऊन त्याच गोठ्यात गेलो. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. म्हैस वळून बघायला लागली. गाल बोटाने ओढला, उजेड मारला. होतं. पांढरं. जाळीसारखं, कोळ्याने विणल्यासारखं, आणि मध्ये लालसर.

मी आरसा गव्हाणीत ठेवला आणि तिथेच शेणात बसलो.

मशेरी मी कधी लावली नाही, तंबाखूही सोडून जमाना झाला. मग मला कसं? सखूआत्याचं बोलणं लगेच पुढे येऊन उभं राहिलं. आता सगळं जुळत होतं. घर, हात, मान, गाल. ओढतेय.

त्या दिवसापासून मी रोज बघायचो. रोज वाटायचं, मोठं झालंय. तुम्हाला सांगतो, आरशात असलं काही रोज बघू नका. रोज बघणाऱ्याला ते रोज वाढलेलंच दिसतं. आणि कोणाला सांगत नव्हतो. तिने का लपवलं हे मला ती असताना समजलं नव्हतं, आता समजलं. सांगितलं की ते खरं होतं. न सांगता ते निदान मिरची असतं.

एक दिवस डोक्यात आलं, ही दाढच नको. पांढरं तिच्याच शेजारी आहे ना, मग मूळ तिथेच. पक्कड घेतली, गरम पाण्यात धुतली. दाढेला लावलीही. चांदीचा एवढासा कण निघाला आणि जिभेवर लोखंडासारखी चव आली. पक्कड खाली ठेवली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, उकरायला गेलात म्हणजे आणखी विष तोंडात घेतलंत. तेव्हा कोणीही असलं करू नका. पक्कड खिळ्यासाठी असते.

पोरीने सांगितलं

दत्ताने परत जांब्याला नेलं. हात पुन्हा सुकायला लागले. गाल तसाच.

जेवायला बसलो होतो. वैशालीने आमटी केली होती. मी घास घेतला, डोळे मिटले, गिळला. नात म्हणाली, "पप्पा, आजोबा जेवताना रडतात."

"न्हाई गं बाळा. मिरची लागली."

दत्ताने हातातला घास ताटात ठेवला. माझ्याकडे बघत राहिला. पोरगं आईवर गेलंय, त्याला ओरडायच्या आधी गप्प बसायची सवय आहे.

"आ करा."

"कशाला?"

"तात्या, आ करा!"

मोबाईलचा उजेड माझ्या तोंडात मारला आणि त्याचा चेहरा मी खालून बघितला. त्यानेही आईचा डाग बघितलेला. काही सांगावं लागलं नाही. मोबाईल खाली घेतला आणि भिंतीवर मूठ आपटली.

"आईनं लपवलं, आता तुमी लपवा! मी काय मसनात सरपान टाकायलाच जन्मलोय का? येकेकानं सांगा की, मी गाडी भरून ठिवतो!"

मी म्हटलं, "मी तो मशिनीचा शेक घेनार न्हाई. तिला बघितलंय मी. मी घरी मरनार."

"मरायचं का न्हाई ते डाक्टर ठरवंल. तुमी उद्या चप्पल घालायची."

मधे वैशाली उठली. माझ्या ताटातली आमटी काढून घेतली आणि दहीभात कालवून पुढ्यात ठेवला. तो भात झोंबला नाही. आजारपणातल्या चांगल्या गोष्टी कोणी विचारल्या तर मी हा दहीभात पहिला सांगेन.

तोच दवाखाना

पुण्यातला तोच दवाखाना. पायऱ्या पाठ होत्या. पाण्याचा नळ कुठे, कोणता बाक डुगडुगतो, कोणत्या खिडकीपाशी वारा येतो, सगळं पाठ. त्याच बाकावर मी तिची पिशवी मांडीवर घेऊन बसायचो. आता पिशवी दत्ताच्या मांडीवर.

नर्सने केस पेपर हातात घेतला आणि माझ्या मागे बघितलं. "पेशंट कुठंय?"

दत्ता म्हणाला, "हेच."

तो एक शब्द मला लागला. इतके दिवस मी पेशंटबरोबरचा माणूस होतो.

डॉक्टर वयस्कर होते. तोंड बघितलं, मान बघितली, हात बघितले. म्हणाले, बघून सांगत नाही, गालाचा छोटा तुकडा काढून तपासू. सुई दिली, गाल लाकडासारखा झाला, कात्रीचा आवाज ऐकू आला, दुखलं नाही. एक टाका घातला. दुखण्याची भीती बाळगू नका. दुखत नाही. त्यानंतर वाट बघावी लागते, ते दुखतं.

वाट बघताना मी दत्ताला सांगून टाकलं, काळी म्हैस ठेव, दुसरी कोणाला तरी दे, बांधावरचा आंबा तोडू नको. तो हो हो म्हणायचा आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहायचा. नळाचा आवाज मोठा होता, तरी ऐकू यायचं.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाबा, हा कॅन्सर नाही."

मला विश्वास बसला नाही. दत्ताच्या आईलाही पहिल्यांदा एकाने काळजी करू नका असंच सांगितलं होतं. दत्ताने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"न्हाई तर मग काय हाय?"

"तेच शोधायचंय." त्यांनी परत तोंडात उजेड टाकला. "हा डाग बरोबर तिथेच आहे, जिथे ही चांदी गालाला घासते. इकडे तिकडे कुठे नाही. चांदी कधी भरली?"

"गनपतीनंतर."

"आणि अंगावरचं कधीपासून?"

मी बोटांवर महिने मोजले. "गनपतीनंतर."

पाठीवरचे चौकोन

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्यांत छोटे चौकोन, प्रत्येकात वेगळी वस्तू. काढेपर्यंत अंघोळ नाही, घाम नाही, पाठ खाजवायची नाही. एका जागी खाज अशी सुटली की मी दाराच्या चौकटीला पाठ घासायला गेलो. वैशाली लाटणं घेऊन आडवी आली. "मामा, घासलं तर बघा!" टॉवेल वेगळा करणारी तीच, आणि आता माझ्या उघड्या पाठीवर वर्तमानपत्राने वारा घालत बसलेलीही तीच.

पट्ट्या काढल्यावर बाई म्हणाल्या, "बाकी सगळे गप्प आहेत. एकच चौकोन पेटलाय. पारा."

"मी तापट हाय, ते खरं हाय डाक्टर. पन तुमाला कसं कळलं?"

दत्ता हसला. कितीतरी दिवसांनी. बाईही हसल्या. "तो पारा नाही बाबा, खरा पारा. थर्मामीटरमधला. दाढेत भरतात त्या चांदीत तो कालवलेला असतो. लाखो लोकांच्या दाढेत ती आहे, त्यांना काही होत नाही. तुमच्या अंगाला तो चालत नाही, एवढंच. आता सांगा, आणखी कुठे पाऱ्याशी संबंध येतो?"

"मी शेतकरी मानूस. मला कुटला पारा?"

"पण तुम्हीच म्हणता, मुलाकडे हात बरे होतात आणि घरी वाढतं. म्हणजे घरात काहीतरी आहे."

घरात कायतरी हाय. सखूआत्याचेच शब्द, पांढऱ्या कोटातल्या बाईच्या तोंडून. कॅन्सर नाही म्हणून उतरलेली भीती परत चढली. मी मनात म्हटलं, दवाखान्याचं काम संपलं. आता घर राहिलं.

गनीभाई

गावी जाताना पौडला गनीभाईच्या दुकानावर थांबलो. किराण्याचं दुकान, माझा जुना दोस्त. मला बघून गल्ल्यावरून उतरला आणि माझा फोड आलेला हात हातात घेतला. त्या दिवसांत हात हातात घेणारा तो पहिला माणूस.

"काय म्हनला डाक्टर? तुजं त्वांड तर मयताला गेल्यावानी हाय."

"कॅन्सर न्हाई."

"मग पेढं दे की, मुडद्या!"

"पारा निघाला."

"तो तर जल्मापास्नं हाय."

"तसला न्हाई, खरा. दातातल्या चांदीत व्हता. आन् म्हनत्यात, घरात बी असंल. मला कुटला पारा, गनी?"

गनीभाई हसायचा थांबला. माझा हात सोडला नाही.

"तात्या, तांदळात काय टाकलंस औंदा?"

"टिकड्या."

"कसल्या टिकड्या?"

"टिकड्या म्हंजे टिकड्या."

"अरे येड्या, पाऱ्याच्याच असत्यात त्या! वहिनी दर साली माज्याकडनंच न्यायच्या. म्हनायच्या, भाई, कागदात बांधा, प्लॅस्टिकात बांधा, आन् ही पुडी कवा ह्यांच्या हातात देऊ नका. लग्नाच्या पयल्या साली हात घातला तर कोपरापत्तूर फोड आलं व्हतं. ह्यांच्या अंगाला पारा बाधतो. मी म्हनायचो, वहिनी, ज्याच्या टाळक्यातच पारा हाय त्याला वरनं काय बाधनार? लई हसायच्या."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. लग्नानंतरचे ते फोड आठवले, तेव्हाही मी पित्तच म्हणालो होतो. खिशात हात घातला. ती चिंधी अजून खिशातच होती. कागद, प्लॅस्टिक, चिंधी, गाठ. टिकड्यांवरची माया नव्हती ती.

गनीभाईने पाणी आणलं आणि लोकांना दिसू नये म्हणून माझ्यापुढे उभा राहिला.

आता

दत्ताने हातमोजे घालून कोठी रिकामी केली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, असलं काही सापडलं तर कुठेही फेकू नका, बंद डब्यात घालून घेऊन या, आणि तो तांदूळ खाऊ नका. पारा खाण्यात कोणाच्याच नको, मग बाधो न बाधो. चिंधीही त्या डब्यातच टाकायला सांगितली. ती टाकताना मला जड गेलं, एवढंच लिहितो.

दाढेतली चांदी पुण्यात काढली. तोंडावर रबराचा पडदा लावून, पाणी मारत, बेताने. जागी दुसरं काही भरलं, तेही आधी पाठीवर लावून बघून. कारण पांढरं ते सगळ्यांनाच सोसतं असंही नाही. मान बऱ्यापैकी लवकर सुकली. गालातली जाळी मात्र हळूहळू गेली, इतकी हळू की मी दरवेळी म्हणायचो, गेली नाही, लपलीय. मोठे डॉक्टर अजून बोलावतात, उजेड टाकून बघतात. मी अजून घाबरतो. आ करताना पायाची बोटं आवळतात. बरं वाटलं तरी भीती एकदम जात नाही, मागे बसून राहते. बसू दे.

पौडच्या डॉक्टरीणबाईला मी जाऊन सांगून आलो. भांडायला गेलो नव्हतो. ती ऐकून घेत गेली आणि म्हणाली, "आजोबा, आता कोणी पित्त म्हटलं की मी विचारणार, अंगावरचं की पोटातलं?" तुम्हीही आपणहून सांगा. अंगावरचं, म्हणा. कशाने उठतं ते सांगा. आणि स्वतःला माहीत नसेल तर घरातल्या बाईला विचारा. तिला माहीत असतं. ती आहे तोवर विचारा.

सखूआत्याला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे इंदू वढत नव्हती तर." म्हटलं, "न्हाई गं. ती तर आडवी हुबी राहात हुती."

या वर्षीचा तांदूळ परवा आला. दत्ताने नवी कोठी आणली आणि वैशाली भरायला गावी आली. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून ठेवला होता. पाल्याने मला काही होत नाही, डॉक्टरांना विचारलंय. तरी मी पाटी उचलायला पुढे झालो, तर ती झाकण हातात घेऊन मध्ये उभी राहिली.

"मामा, तुमी हात घालू नका. सरा तिकडं."

मी सरलो. उंबऱ्यावर बसलो आणि तोंड अंगणाकडे केलं. आतून कोठीचं झाकण वाजलं. खोकलो नाही.